वॉशिंग मशीनला वाय-फाय कशाला? (आईसाठी मशीन घ्यायचंय, सल्ला द्या)

अर्धविराम | ३ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

आई कराडला एकटी असते. तिचं फुल्ली ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन गेल्या आठवड्यात बंद पडलं. घेऊन ५ वर्षं आणि २ महिने झाले होते. कंपनीचा माणूस आला, मागचं झाकण काढलं आणि दोन मिनिटांत म्हणाला, "बोर्ड गेला. ७,८०० रुपये, वर जीएसटी." मशीन घेतलं होतं १९,००० ला. त्याआधीचं सेमी ऑटोमॅटिक आमच्या घरात १७ वर्षं चाललं, आणि तेही पुढे गावाकडे मावशीला दिलं म्हणून आमच्याकडून गेलं.

शनिवारी आईला घेऊन दुकानात गेलो. तिथला मुलगा प्रत्येक मशीनपुढे उभा राहून आधी अ‍ॅप दाखवत होता. आईने एकच विचारलं, "मधेच एखादा रुमाल टाकायचा राहिला तर झाकण उघडता येतं का?" त्याला ते सांगता येईना.

मी १४ वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. नव्याचं मला वावडं नाही. यूपीआय २०१६ मध्ये आलं, आज आई मंडईत मेथीची जुडी त्यावर घेते आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो. पण घरातल्या साध्या वस्तूला अ‍ॅप, खातं आणि सर्व्हर जोडण्यामागे काय असतं ते मी आतून पाहिलंय, म्हणून लिहितो.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो तिथे आम्ही गीझरचं अ‍ॅप केलं होतं. ऑफिसातून निघताना पाणी तापत ठेवायचं, अशी कल्पना. विक्री फार झाली नाही. दोन वर्षांनी वरून निरोप आला की सर्व्हरचं भाडं परवडत नाही, बंद करा. ते काम माझ्याकडे आलं. बंद करण्याआधी मी नोंदी उघडून बघितल्या. प्रत्येक गीझर दर तीस सेकंदांनी 'मी चालू आहे' एवढाच निरोप पाठवत होता. काही हजार घरं होती ती. दुपारी चार वाजता मी एक आज्ञा दिली आणि सगळे निरोप थांबले. त्या गीझरला हाताने फिरवायचा थर्मोस्टॅट होता म्हणून लोकांची आंघोळ अडली नाही. तो नसता तर?

असं घडलेलं आहे. रिव्हॉल्व्ह नावाचं घरातली उपकरणं चालवणारं ३०० डॉलरचं यंत्र अमेरिकेत विकलं जात होतं. गूगलने घेतलेल्या नेस्टने ती कंपनी २०१४ मध्ये विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला. लोकांच्या घरातला डबा चांगला होता, वीज होती, नेट होतं, आणि तरी तो निकामी झाला.

माझं म्हणणं एवढंच: घरातली वस्तू नेट नसताना, खातं न उघडता, फोन हातात न घेता पूर्ण चालली पाहिजे. आणि ती तालुक्याच्या गावातल्या कारागिराला दुरुस्त करता आली पाहिजे. सॉफ्टवेअर ही वरची सोय राहू दे. ते गेलं म्हणून कपडे धुवायचे थांबता कामा नयेत.

तर प्रश्न: आईसाठी काय घेऊ? बोर्ड बदलू, परत सेमी घेऊ, की नवीन फुल्ली ऑटोमॅटिक?

पितळी डबा | ३ जून, रात्री १०:४०

+१. आमच्या मायक्रोवेव्हला ३२ बटणं आहेत. नऊ वर्षांत दोनच वापरली, 'चालू' आणि '३० सेकंद'. त्या दोन्हींवरचा रंग उडालाय, बाकीची कोरी करकरीत.

वायरमन | ३ जून, रात्री ११:२५

अर्धविराम साहेब, बोर्ड फेकू नका. मी नाशिकला २२ वर्षं हेच काम करतो.

बोर्ड गेला म्हणजे सगळा बोर्ड गेला असं दहातल्या सात वेळा नसतं. लाईटचा झटका आला की एमओव्ही नावाची चकती आधी स्वतः मरते आणि फ्यूज उडवते. तिचं कामच ते. नाहीतर व्हायपर आयसी, म्हणजे बोर्डाला वीज पुरवणारी चिप, गेलेला असतो, किंवा रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, चिकटलेला असतो. हे सुटे भाग चहा-वड्याच्या पैशात येतात. अडचण अशी की बऱ्याच बोर्डांवर रबरासारखं जेल ओतलेलं असतं. ओलीपासून रक्षण म्हणून ओततात आणि ते बरोबरच आहे, पण दुरुस्तीला ते कोरून काढताना अर्धा दिवस जातो. कंपनीच्या माणसाला दिवसाला आठ घरं करायची असतात. तो कशाला कोरेल? त्याच्याकडे सोल्डरिंगची गन पण नसते, तो बोर्ड बदलतो.

दुसरं, पाली. एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये उबेला पाल शिरते, दोन टोकांना चिकटते, ती पण जाते आणि बोर्ड पण जातो. उन्हाळ्यात माझ्याकडे आठवड्याला एक तरी अशी केस. वॉशिंग मशीनला खालून उंदीर. खालची जाळी लावून घ्या, कंपनी देत नसेल तर बाहेर मिळते.

तुम्ही पुण्यात असाल तर बोर्ड काढून बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास विचारा. बोर्ड दुरुस्त करणारे तिथे बसतात. काढण्याआधी वायरींचा फोटो मात्र घ्या.

कोपरा | ४ जून, सकाळी ७:५०

मी उलट बाजूने लिहितो, कारण असे बोर्ड बनवणं हे माझं काम आहे. (वॉशिंग मशीन नाही, पंखे.)

जुन्या गोष्टी साध्या होत्या म्हणून चांगल्या होत्या, हे अर्धंच खरं आहे. साधा छताचा पंखा ७० ते ७५ वॅट खातो. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा २८ ते ३५ वॅटमध्ये देतो. दिवसाला १५ तास चालणारे चार पंखे धरा, महिन्याला सत्तरेक युनिट वाचतात. ही बचत बोर्डाशिवाय होऊच शकत नाही, कारण त्या मोटरला वेळेवर उलटसुलट वीज देणारं डोकं लागतं. मशीनचंही तसंच. कपड्याचं वजन बघून पाणी घेणं हे स्प्रिंगच्या टायमरला जमणारं काम नाही. ज्या गावात चार दिवसांनी नळाला पाणी येतं तिथे वीस लिटर वाचणं ही चैन नव्हे.

वाय-फायबद्दल मात्र अर्धविरामशी सहमत. आमच्याकडेही ते मागणीतून आलं नाही, शेजारच्या कंपनीच्या खोक्यावर छापलेलं दिसलं म्हणून आलं.

वायरमन | ४ जून, सकाळी ९:०५

कोपरा साहेब, तुमचे पंखे चांगले, माझ्या घरी पण आहेत. पण साधा पंखा हळू फिरायला लागला की गिऱ्हाईक स्वतः अडीचचा कपॅसिटर आणून लावतं. तुमच्या पंख्याचा बोर्ड गेला तर कंपनीशिवाय कोणाकडे मिळत नाही, आणि दुसऱ्या कंपनीचा बसत नाही. सगळ्यांनी मिळून एकच मापाचा बोर्ड का करत नाही? बल्बचं होल्डर सगळ्यांचं एक आहेच की.

कोपरा | ४ जून, सकाळी ९:३१

या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मी आत मीटिंगमध्ये हे विचारीन.

निळी काठी | ४ जून, दुपारी १:१५

मला जन्मापासून दिसत नाही. हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकला. अर्धविराम, तुमच्या एका वाक्याला माझा विरोध आहे आणि एकाला मनापासून पाठिंबा.

आमच्या जुन्या मशीनला खटक-खटक वाजत फिरणारं बटण होतं. डावीकडून तीन खटके म्हणजे सुती कपडे. मला कोणाला विचारावं लागत नव्हतं. नवीन मशीनवर सपाट काच आली आणि मी माझ्याच घरात परावलंबी झाले. काचेवर बोट ठेवलं की काहीतरी सुरू होतं, काय ते कळत नाही. यजमान ऑफिसातून येईपर्यंत कपडे तसेच.

मग त्या मशीनचं अ‍ॅप घेतलं. फोन बोलतो, 'सुती, ४० अंश, ५२ मिनिटं' असं वाचून दाखवतो. त्या दिवसापासून मशीन परत माझं झालं. त्यामुळे 'अ‍ॅप कशाला' असं सरसकट म्हणू नका. माझ्यासाठी तेच बटण आहे. पण उद्या तुमच्यासारखं कोणी दुपारी चार वाजता आज्ञा देऊन सर्व्हर बंद केला, तर तुम्हाला निदान थर्मोस्टॅट फिरवता येईल. माझ्या हातात सपाट काच राहील.

ता.क. सध्या मी काचेवर 'चालू' आणि 'रोजचे कपडे' या दोन जागांवर टिकल्या लावल्या आहेत. नेट गेलं की त्यांच्यावर भागतं.

अर्धविराम | ४ जून, दुपारी २:०२

निळी काठी, तुमचं उत्तर तीनदा वाचलं. मी डोळस माणसाच्याच सोयीचा विचार करून लिहिलं होतं, हे मान्य करतो. माझं म्हणणं असं बदलतो: वस्तूला हाताला कळेल असं बटण हवं, आणि अ‍ॅप असेल तर ते त्याच घरातल्या वाय-फायवर थेट मशीनशी बोललं पाहिजे, बाहेरच्या सर्व्हरकडे न जाता. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. २०२२ मध्ये आलेलं मॅटर हे मानक घरातल्या घरात उपकरणं चालवण्यासाठीच आहे. होम असिस्टंट हे मुक्त सॉफ्टवेअर तर २०१३ पासून हेच करतंय, माझ्या घरचे दिवे त्याच्यावर आहेत. लाईन तुटली तरी चालतात.

चिंचपेटी | ४ जून, दुपारी ४:२०

टिकलीवरून आठवलं. आमची आजी टीव्हीच्या रिमोटवर चालू-बंदच्या बटणाला लाल आणि आवाजाच्या बटणाला हिरवं नेलपॉलिश लावायची. वर प्लॅस्टिकची पिशवी आणि दोन रबरबँड. रिमोट अजून नवाकोरा आहे, तीन टीव्ही मोडीत गेले.

पितळी डबा | ४ जून, दुपारी ४:३३

@चिंचपेटी, पिशवीवाला रिमोट प्रत्येक घरात असतो हे वाचून गहिवरून आलं.

उसाचा फड | ४ जून, रात्री ९:४८

वॉशिंग मशीनचं मला कळत नाही, पण फोनवरून मशीन चालवायचं कळतं. आम्ही जुन्नर तालुक्यातले. शेतीची थ्री फेज लाईट आलटून-पालटून, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री बारा-एकला उसात दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला जायचं म्हणजे एका हातात खोरं, एका हातात बॅटरी, आणि कान बिबट्याकडं. आमच्या वडलांनी ते उभ्या आयुष्यात केलं.

आता मोटरीच्या पेटीत मोबाईल स्टार्टर आहे. त्यात एक सिम कार्ड. फोन लावला की मोटर चालू. तीन फेज आहेत का, पाणी उपसतंय का, ते पण फोन करून सांगतं. वडलांचा फोन साधा बटणांचा आहे, त्याच्यावर चालतं. अ‍ॅप नाही, खातं नाही, पासवर्ड नाही. आणि पेटीवरचं हिरवं-लाल बटण तसंच आहे. सिममधले पैसे संपले तर जाऊन दाबतो.

हे यंत्र ज्याने काढलं त्याला माझा नमस्कार. ठिबक असेल त्याला रात्री घराबाहेर पडायला लागत नाही.

एक गोष्ट मात्र बघा. साधा ऑटोस्विच बसवलेले पण लई आहेत, लाईट आली की आपोआप मोटर चालू. सगळ्यांच्या मोटरी एकदम उठतात आणि डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, जळते. मग आठ-पंधरा दिवस सगळ्यांचंच पीक वाळतं. म्हणून महावितरण सांगत असतं, ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा. एकट्याची सोय सगळ्यांची गैरसोय होते कधी कधी.

कोपरा | ४ जून, रात्री १०:२०

@उसाचा फड, ऑटोस्विचला दहा सेकंद ते पाच मिनिटं असा कुठलातरी वेगवेगळा उशीर ठेवला तर मोटरी एकदम उठणार नाहीत. सर्व्हरवर एकदम गर्दी होऊ नये म्हणून आम्ही हेच करतो.

उसाचा फड | ४ जून, रात्री १०:५१

काहींत टायमर असतो. पण ज्याने पाच मिनिटं लावली त्याला वाटतं शेजाऱ्याची विहीर आधी उपसती. तो शून्यावर आणतो. माणूस मशीनपेक्षा अवघड, साहेब.

अर्धविराम | ४ जून, रात्री ११:१०

उसाचा फड, मला जे सांगायचं होतं ते तुमच्या पेटीत आहे. साध्या फोनवर चालणारं, बटण जागेवर ठेवणारं, आणि खरी रात्रपाळी वाचवणारं. गीझरच्या अ‍ॅपपेक्षा असं काही लिहायला मिळालं असतं तर बरं वाटलं असतं.

सरळरेघ | ५ जून, सकाळी ११:३७

थोडं कडू बोलते. १७ वर्षं चाललेल्या सेमी ऑटोमॅटिकचं कौतुक वाचून मला प्रश्न पडला, ते १७ वर्षं चालवलं कोणी?

सेमीमध्ये धुणं एका टबात, मग ओले जड कपडे उचलून दुसऱ्या टबात, मध्ये पाणी सोडायचं, परत भरायचं, परत पिळायला टाकायचं. चार माणसांचं धुणं म्हणजे दीड तास मशीनपाशी उभं राहणं. माझ्या आईची कंबर त्यात गेली. पहिलं फुल्ली ऑटोमॅटिक आलं त्या दिवशी ती मशीन लावून गॅलरीत पेपर वाचत बसली. सकाळी साडेआठला, पेपर. मी तिला त्या वेळेला कधी बसलेलं बघितलं नव्हतं.

त्यामुळे 'परत सेमी घेऊ का' हा प्रश्न तुम्ही इथे आम्हाला विचारण्याआधी आईंना विचारलात का? टिकाऊपणा मोजताना माणसाची झीजही मोजा.

अर्धविराम | ५ जून, दुपारी १२:१५

सरळरेघ, नाही विचारलं. आज फोन करतो.

पाणचक्की | ५ जून, संध्याकाळी ६:०५

नेदरलँड्समधून लिहितेय. इथे दुरुस्तीसाठी लोक काय करतात ते सांगते. २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला मार्टिना पोस्टमा यांनी पहिला रिपेअर कॅफे भरवला. आता आमच्या छोट्या गावातही महिन्यातून एका शनिवारी भरतो. निवृत्त इंजिनियर, शिंपी, सायकलवाले टेबल मांडून बसतात, आपण बिघडलेली वस्तू घेऊन जायचं आणि शेजारी बसून दुरुस्त करायला शिकायचं. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा मला आमच्या इचलकरंजीच्या चौकातल्या रेडिओवाल्याची आठवण झाली. आपल्याकडे हे रोजचंच होतं, फक्त त्याला नाव नव्हतं.

कायदाही आहे. युरोपात मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे मुख्य सुटे भाग, त्या मॉडेलची शेवटची मशीन बाजारात आल्यापासून १० वर्षं उपलब्ध ठेवावे लागतात. डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना एकच सी-टाइप चार्जर. आणि फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडून, छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे असा नियम केला आहे. सपाट काचेबद्दलही विचार सुरू झालाय. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा गोष्टींना हाताने दाबायची बटणं असतील तरच पूर्ण गुण, असा नियम केला आहे.

दप्तरदार | ५ जून, रात्री ८:३०

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ ला, ग्राहक दिनी, त्याचं संकेतस्थळ सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे चार गट आहेत. युरोपसारखी सक्ती अजून नाही, कंपन्या माहिती देतात एवढंच. पण सुट्या भागावरून अडवणूक झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन जरूर करा. मी मिक्सरच्या भांड्यासाठी केला होता, बारा दिवसांत भांडं आलं.

चिंचपेटी | ५ जून, रात्री ९:१२

आणि पॅनेलवर मराठी कधी येणार? सासूबाई सातवी शिकलेल्या, दासबोध घडाघडा वाचतात, पण मशीनवरचं 'रिन्स' त्यांना कोणी सांगायचं? 'खळबळणे' लिहा ना. इतका नेमका शब्द आहे.

कोपरा | ५ जून, रात्री ९:४०

'खळबळणे' वहीत लिहून घेतला. अक्षरांची तांत्रिक अडचण आता फारशी राहिलेली नाही. पूर्वी एसएमएसमध्ये इंग्रजी १६० अक्षरं मावायची आणि देवनागरी ७०, म्हणून कंपन्या टाळायच्या. काचेवर छापायला तर असलं काहीच बंधन नाही. मागितलं पाहिजे.

वायरमन | ६ जून, सकाळी ८:१५

साहेब, बोर्डाचं काय केलंत? गप्पांत मूळ काम राहिलं.

अर्धविराम | २४ जून, रात्री १०:३०

उशिरा लिहितोय, माफ करा.

आधी आईला फोन केला होता. सरळरेघ, तुमचं बरोबर निघालं. ती म्हणाली, "सेमी नको रे. ते ओलं ओझं उचलताना उजवा खांदा भरून यायचा." १७ वर्षांत हे मला तिने सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

मग कराडला जाऊन बोर्ड काढला. वायरींचे अकरा फोटो घेतले. तपकीर गल्लीजवळ वरच्या मजल्यावर एक काका बसतात. त्यांनी बोर्ड उजेडात धरला आणि वास घेतला. खरंच वास घेतला. "इथे जळालाय," म्हणाले. नखाने जेल दाबून बघितलं आणि एका कोपऱ्यात तेवढीच चौकोनी खिडकी कापली. आत एमओव्ही फुटलेली, काळीठिक्कर. व्हायपर आयसीही गेला होता. दोन्ही बदलले, जेल परत भरलं. ६५० रुपये आणि तीन दिवस.

रविवारी बसवला. आईने दोन चादरी टाकल्या आणि मशीन सुरू झालं. खालची जाळी लावली, मागे स्टॅबिलायझर बसवला. नवीन मशीन सध्या नाही.

आणि निळी काठी, आईला चष्म्याशिवाय पॅनेल दिसत नाही, तर तिने तुमची युक्ती केली. 'चालू'वर एक टिकली, 'खळबळणे'वर एक.

वायरमन | २४ जून, रात्री १०:५२

एमओव्ही म्हणालो होतो. छान काम केलंत. बसवण्याआधी अर्थिंग तपासलं का? नसेल तर या आठवड्यात तपासून घ्या.

सरळरेघ | २५ जून, सकाळी ७:२०

आईंना नमस्कार सांगा.

निळी काठी | २५ जून, सकाळी ९:०६

टिकली मखमली लावली असेल तर ओल्या हाताने महिनाभरात निघेल. खड्याची लावायला सांगा, बोटाला लगेच सापडते.